किटो आणि उपवास: आधी गोळ्या, मग ताट, मग घड्याळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, वजन ९१ किलो, उंची ५ फूट ६ इंच. पाच वर्षांपासून टाइप २ मधुमेह, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी चाचणी, ८.१. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे, अलीकडे त्यात डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅमची भर पडली. बीपीसाठी टेल्मिसार्टन. अंडी चालतात, मासे-मटण नाही. घटस्थापनेपासून रोज १६ तासांचा उपवास आणि २० ग्रॅम कार्बचं किटो (पोळी-भात-साखरेतले कार्ब जवळजवळ सोडून मुख्यतः फॅटवर चालणारा आहार), दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचं तुम्ही ठरवलंय. कसं करायचं, काय खायचं, किती दिवस करायचं आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्या पत्नीने सोबत केलं तर चालेल का, असं विचारलंय.

थेट सांगते. आजच्या गोळ्या जशाच्या तशा ठेवून हे घटस्थापनेला सुरू करू नका. वजन उतरवायचा तुमचा निश्चय योग्य आहे आणि कार्ब कमी केल्यावर तुमची शुगर खाली येईल याबद्दल मला शंका नाही. पण नेमकं तेच धोक्याचं आहे, कारण तुमच्या गोळ्यांचा डोस आजच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला आहे. मधुमेह असलेल्या माणसाने किटोला हात घालताना पहिला प्रश्न ‘कोणती गोळी कमी करायची’ हा असतो. ‘काय खायचं’ हा त्यानंतरचा. मधुमेहाच्या रुग्णांसोबत इतकी वर्षं काम करताना आहार बदलून अडचणीत आलेले जे लोक पाहिले, त्यातल्या बहुतेकांनी ताट बदललं होतं आणि गोळ्या तशाच ठेवल्या होत्या.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, ताटात भात होता की पनीर, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पोटात कार्ब नसताना ती गोळी घेतली की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोकं सुन्न होणं, बोलण्यात गोंधळ. असं झालं की उपवास, किटो, संकल्प सगळं बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि मग काहीतरी खायचंच. या गोळीचा असर लांब चालतो, त्यामुळे एकदा सावरलेली शुगर दोन तासांनी पुन्हा घसरू शकते. कार्ब मोठ्या प्रमाणात कमी करण्याआधीच ही गोळी निम्मी किंवा बंद करण्याची पद्धत आहे. तुमच्या बाबतीत निम्मी की बंद, हे तुमच्या शुगरचे आकडे समोर ठेवून तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मेटफॉर्मिनची तशी भीती नसते, ती बहुधा चालू राहते. पण तुमच्या दोन्ही गोळ्या एकाच पट्टीत आहेत, म्हणजे ग्लिमेपिराइड थांबवायची तर मेटफॉर्मिन वेगळी लिहून घ्यावी लागेल. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आपण काय घेतो हेच माहीत नसलेले रुग्ण रोज भेटतात, कारण हल्ली एका गोळीत दोन-तीन औषधं असतात.

डापाग्लिफ्लोझिनचा धोका याहून मोठा, आणि तो सहज लक्षात येत नाही. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यामुळे शरीरात इन्सुलिन कमी राहतं आणि किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, जास्त बनायला लागतात. किटोमध्येही हेच होतं, उपवासातही हेच होतं. तिन्ही एकत्र आली की किटोन इतके वाढू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं. याला किटोॲसिडोसिस म्हणतात आणि त्याने जीव जाऊ शकतो. एरवी या आजारात शुगर ३००-४०० च्या पुढे असते, म्हणून पटकन ओळखू येतो. ही गोळी चालू असताना ग्लुकोमीटर १६० किंवा १८०ही दाखवू शकतो. घरचे म्हणतात शुगर तर बरी आहे, ॲसिडिटी झाली असेल, आणि वेळ जातो. अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या गोळ्यांबद्दल असा इशारा २०१५ मध्येच दिला होता. आपल्याकडे २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत खाली आली आणि आता तालुक्याच्या गावीही ती सर्रास लिहिली जाते. त्यामुळे किटो करणाऱ्या प्रत्येक मधुमेहीला मी या गोळीबद्दल आधी विचारते.

याचा अर्थ ती गोळी वाईट आहे असा नाही. हृदय आणि मूत्रपिंड सांभाळायला ती उत्तम आहे. म्हणूनच ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही मला फक्त शुगरसाठी दिलीय की हृदयासाठी किंवा किडनीसाठी?’ फक्त शुगरसाठी असेल तर ती थांबवून, काही दिवस जाऊ देऊन, मग किटो करता येईल. हृदयासाठी किंवा किडनीसाठी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गोळी ठेवा आणि किटोचा विचार सोडा. कार्ब माफक कमी करूनही तुम्हाला बराच फायदा मिळेल.

टेल्मिसार्टनबद्दल दोन गोष्टी. कार्ब कमी केल्यावर इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात आणि बीपी खाली येतो. घरी बीपीचं मशीन ठेवा. उठल्यावर अंधारी यायला लागली किंवा वरचा आकडा वारंवार ११० च्या खाली दिसला तर डोस बदलून घ्या. दुसरी गोष्ट, किटो करणाऱ्यांना पोटॅशियम वाढवायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्यासाठी ‘लो सोडियम’ मीठ सुचवलं जातं. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टन स्वतःच पोटॅशियम वाढवते. तुमच्यासाठी ते मीठ नकोच. आपलं साधं मीठ वापरा.

सुरू करण्याआधी या तपासण्या करून घ्या: किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, लिव्हरच्या चाचण्या, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची चाचणी), युरिक ॲसिड, बी-१२ आणि पोटाची सोनोग्राफी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. मासे-मटण न खाणाऱ्या माणसात तर हमखास पाहावं. सोनोग्राफी फॅटी लिव्हर आणि पित्ताशयातल्या खड्यांसाठी. खडे असताना एकदम जास्त तेल-तूप खाल्लं की रात्री पोटात असह्य कळ येऊ शकते. आणि टाइप १ मधुमेह, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, किडनीचा वाढलेला आजार, पूर्वी झालेला स्वादुपिंडदाह, खाण्याशी संबंधित मानसिक आजार, यातलं काही असेल तर किटो घरच्या घरी करायची गोष्ट नाही. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही, पण हे वाचून दुसरं कुणी सुरू करेल म्हणून लिहिलं.

आता किटो आणि उपवास एकत्र का नको, हे सांगते. किटो मुळात उपवासाची नक्कल म्हणूनच जन्माला आलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला काही डॉक्टर अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांना उपाशी ठेवत, कारण उपाशीपोटी फिट कमी व्हायच्या. पण लहान मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की भरपूर फॅट आणि अगदी कमी कार्ब दिले तर जेवूनही उपवासासारखी अवस्था टिकवता येईल. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी मुलांना हा आहार आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. म्हणजे किटो करताना तुमचं शरीर निम्मं उपवासातच असतं. त्यावर पहिल्याच दिवशी १६ तासांचा उपवास चढवणं म्हणजे एकच खटका दोनदा दाबणं. त्रास झाला तर तो कशाने झाला हेही कळत नाही.

मग तुम्हाला पूर्ण किटो हवंच का? माझ्या मते कदाचित नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ जणांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने फॅट कमी केलं, दुसऱ्याने कार्ब. वर्षाअखेरीस वजनात म्हणावा असा फरक नव्हता, पाच-सहा किलो दोन्हीकडे उतरले. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात तर लोकांना काही महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरीची पेयं दिली होती. ती किटो नव्हती, त्यात कार्ब भरपूर होते. तरी वर्षभरात ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला आणि १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. मधुमेह मागे हटतो तो लिव्हर आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्यामुळे. ती उतरवायचे मार्ग अनेक आहेत. किटोचा खरा फायदा असा की भूक शांत होते आणि जेवणानंतर शुगर उसळत नाही. ज्यांना भुकेचाच त्रास आहे त्यांना तो मानवतो. तुम्हाला मानवतो का, हे पायरीपायरीने गेल्यावरच कळेल.

पहिली पायरी तीन आठवड्यांची, आणि ती किटोची नाही. साधारण मराठी घरातला दिवस घ्या. दोन-दोन चमचे साखरेचा चहा तीनदा, म्हणजे ३० ग्रॅम साखर. पोह्यांची एक बशी, ४५ ग्रॅम कार्ब. दुपारी तीन पोळ्या ६०, वाटीभर भात ४०, वरण १५. संध्याकाळी चार बिस्किटं २०. रात्री दोन भाकरी ८० आणि उसळ २०. चहातलं दूध धरून ३०० च्या पुढे जातो आकडा. यात कुणी काही वावगं खाल्लेलं नाही, हे नेहमीचं घरचं जेवण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणातही आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधूनच येतात असं दिसलं. इथून एकदम २० ग्रॅमवर उडी मारली की डोकं दुखतं, चिडचिड होते आणि चौथ्या दिवशी माणूस सगळं सोडून देतो.

त्याऐवजी तीन आठवडे शंभर-सव्वाशेवर या. साखर पूर्ण बंद, बिस्किटं बंद. नाश्त्याला पोह्यांऐवजी दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट. दुपारी एक पोळी, वरण, दुप्पट भाजी, दही. रात्री एक भाकरी आणि उसळ. भात नको. इथे मला हमखास विचारतात, ‘भाकरी तर चालते ना?’ ज्वारीच्या भाकरीत तंतू बरे असतात, पोट भरतं. पण साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत चाळीस ग्रॅम कार्ब आहेतच. नाचणीचं, बाजरीचं तेच. पौष्टिक असणं आणि कार्ब कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गल्लत आपल्याकडे फार खोलवर बसली आहे.

या तीन आठवड्यांत रोज सकाळी उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर दोन तासांनी शुगर मोजून वहीत लिहा. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळ्या त्यावरून कमी होतील. सकाळची शुगर १३० च्या खाली आणि जेवणानंतरची १८० च्या खाली स्थिरावली, वजन आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरायला लागलं, तर थांबा. इथेच राहा. पुढे जायची गरज नाही. शाकाहाराच्या जवळ असलेल्या माणसाला ही पायरी वर्षानुवर्षं निभावता येते आणि माझ्या अनुभवात बरेच जण इथेच रमतात.

पुढे जायचंच असेल आणि डापाग्लिफ्लोझिन थांबलेली असेल, तर किटो. २० ग्रॅमचा हट्ट सोडा. तो आकडा मासे-मटण खाणाऱ्याला सोपा आहे. अंडी, पनीर आणि भाजीवर चालणाऱ्याला ५० च्या आत राहणं पुरेसं आहे, तेवढ्यात बहुतेकांचं शरीर किटोन बनवायला लागतं.

आपल्याकडचं किटो फसतं ते प्रोटीनमुळे. लोक पोळी-भात सोडतात आणि उरलेल्या ताटात तूप ओततात. प्रोटीन होतं ४० ग्रॅम, स्नायू झडतात, केस गळतात, आणि मग किटो वाईट ठरतं. तुमच्या उंचीला रोज ८० ग्रॅम प्रोटीन धरा. चार अंडी २४ ग्रॅम, दीडशे ग्रॅम पनीर २७, तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५, मूठभर शेंगदाणे ७, शंभर ग्रॅम चक्का ८. झाले ८१. यासोबत मेथी, पालक, दुधी, दोडका, पडवळ, फ्लॉवर, कोबी, वांगं, भोपळी मिरची, काकडी यातलं दिवसाला चारशे ग्रॅम. फोडणीचा कांदा-टोमॅटो बेताने. बिनसाखरेचा चहा थोड्या दुधाचा. कार्ब चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास बसतात.

फॅटचं काय? वरच्या ताटात पनीर, अंडी, शेंगदाणे आणि स्वयंपाकाचं दोन मोठे चमचे तेल मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास फॅट होतंच. एकूण कॅलरी चौदाशेच्या घरात. वरून कॉफीत लोणी घालायची, तुपाचे चमचे प्यायची काहीही गरज नाही. तुम्हाला पोटावर साठलेली चरबी वापरायची आहे. बाहेरून भरपूर दिली तर शरीर आतली कशाला काढेल? अपस्माराच्या मुलांना वजन टिकवून किटोन वाढवायचे असतात, म्हणून त्यांच्या आहारात फॅट मुद्दाम वाढवतात. तुमचा हेतू वेगळा आहे. तेल शेंगदाण्याचं घ्या, घाणीचं मिळालं तर छानच. खोबरं आणि तूप चवीपुरतं.

पहिल्या आठवड्यात वजन दोन-तीन किलो खाली दिसेल. हुरळून जाऊ नका, त्यातलं बरंचसं पाणी आहे. लिव्हर आणि स्नायूंत मिळून पाचशे ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. म्हणूनच लग्नात एक दिवस जिलेबी-भात खाल्ला की दुसऱ्या दिवशी दीड किलो परत आलेलं दिसतं आणि माणूस खचतो. ती चरबी नसते.

याच पाण्यासोबत मीठ जातं आणि त्यातून डोकेदुखी, थकवा, पोटऱ्यांत वांब, छातीत धडधड होते. बहुतेक वेळा उपाय मिठाचाच असतो. ज्यांना बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार नाही त्यांनी दिवसभरात अर्धा ते एक चमचा मीठ जास्तीचं घ्यावं, पातळ ताकातून किंवा भाज्यांच्या सारातून. तुम्ही मात्र बीपी मोजून ठरवा. आकडा खाली आलेला असेल आणि डोकं दुखत असेल तर पेलाभर खारं ताक घ्या. आकडा १४० च्या वर असेल तर नको. बद्धकोष्ठ होतो, त्यासाठी पालेभाजी, पाणी, जवसाची चटणी, नाहीच भागलं तर रात्री इसबगोल. घरात युरिक ॲसिडची, सांधा सुजायची तक्रार असेल तर पहिल्या काही आठवड्यांत ती उफाळू शकते. लघवीत किटोन तपासायच्या पट्ट्या आणायची गरज नाही. काही आठवड्यांनी त्या फिक्या पडतात आणि लोक घाबरून आणखी कार्ब कापतात.

चालणं चालू ठेवाच, पण वजन उतरताना स्नायू राखायचे तर जोर लागेल असं काहीतरी हवं. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून तीनदा तरी.

आता उपवास. तो सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो न ठरवता. कार्ब कमी होऊन दोन-तीन आठवडे झाले की संध्याकाळचं काहीबाही खाणं आपोआप सुटतं, सकाळी भूक उशिरा लागते. तिथून सुरुवात करा. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास. आठवड्याने चौदा. त्रास नसेल आणि प्रोटीन पुरं होत असेल तर सोळा. दोन जेवणांत ८० ग्रॅम प्रोटीन बसवायचं म्हणजे प्रत्येकी ४०, ते जमत नसेल तर चौदावर थांबलेलं उत्तम. वेळ निवडायची मोकळीक असेल तर रात्रीचं जेवण लवकर करून सकाळी जेवा. शरीर सकाळी साखर जास्त चांगली हाताळते. कितीतरी जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवायची रीत आहे, ती या दृष्टीनेही चांगली आहे. उलट, सकाळ उपाशी काढून रात्री दहाला भरपेट जेवणं हा सोळा तासांचा सगळ्यात वाईट प्रकार.

उपवासाकडून फार अपेक्षा नको. चीनमधल्या ग्वांगझू इथे लठ्ठ असलेल्या १३९ जणांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. निम्म्यांनी दिवसातल्या आठ तासांतच जेवायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. २०२२ मध्ये आलेल्या निकालात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. उपवासाने फायदा होतो तो बहुतांशी कमी खाल्लं गेल्यामुळे. ‘उपवासाला नोबेल मिळालं’ असा निरोप तुम्हालाही आला असेल. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचे जुने भाग कसे मोडून पुन्हा वापरतात, ते यीस्टमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल. संशोधन थोर आहे, पण त्यातून सोळा तासांचा नियम निघत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहे आणि सारखं खात राहायची सवय मोडायला ती उपयोगी पडते. पण ते किटो नव्हे. दोन जेवणांत पाच पोळ्या आणि भात बसला तर कार्ब तेवढेच राहतात.

नवरात्राचं आता. नऊ दिवसांचा उपवास म्हणजे आपल्याकडे साबुदाणा, भगर, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू. साबुदाण्यात शंभर ग्रॅमला ८७ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, प्रोटीन जवळजवळ नाहीच. खिचडीच्या एका बशीत साठ ग्रॅम कार्ब सहज जातात आणि वर बटाटा. किटोचा पूर्ण दिवसाचा हिशोब एका बशीत संपला. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्या लोकांनीच म्हणून ठेवलंय. उपवास श्रद्धेचा असेल तर तो नक्की करा, फक्त ताट बदला. शेंगदाण्याची आमटी, दही, पनीर, काकडीची कोशिंबीर, ओलं खोबरं, ताक हे बहुतेक घरांत उपवासाला चालतं. अंडी त्या नऊ दिवसांत अर्थात नसतील, म्हणून तेव्हा किटो सुरू करणं मला अव्यवहार्य वाटतं. या नवरात्रात साखर आणि साबुदाणा सोडा, गोळ्यांचा निर्णय करून घ्या, आणि पहिली पायरी दसऱ्यानंतर सुरू करा. निर्जळी मात्र करू नका, तुमच्या गोळ्यांवर तर अजिबात नाही. २४ तासांच्या पुढचा उपवास कुठल्याही मधुमेहीने स्वतःच्या मनाने करू नये.

एक गोष्ट कागदावर लिहून फ्रिजवर लावा. सारखी उलटी, पोटात दुखणं, खोल आणि जलद श्वास, विलक्षण गळून जाणं, यातलं काही झालं तर शुगर कितीही दिसो, आधी काहीतरी कार्ब पोटात घ्यायचा प्रयत्न करा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा. तिथे सांगा, ‘मी किटोवर आहे, अमुक गोळी घेत होतो, रक्तातले किटोन तपासा.’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. ताप, जुलाब किंवा ऑपरेशनच्या वेळी किटो आणि उपवास दोन्ही थांबवायचे.

किती दिवस? बारा आठवडे करा आणि मग एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि लिपिड पुन्हा तपासा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, बहुधा उतरलेले असतील, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, थोडं वर गेलेलं असेल. एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं, मात्र सांगता येत नाही, काहींचं तसंच राहतं, काहींचं झपाट्याने चढतं. चढलं तर ‘किटोमध्ये ते चालतं’ असं कुणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या लोकांना हृदयविकार तसाही लवकर गाठतो आणि तुम्हाला मधुमेह आहे. तूप, खोबरं, लोणी कमी करून तेलाकडे वळा, कार्ब शंभरवर न्या, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, तरीही जास्त असेल तर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीबद्दल, डॉक्टरांशी बोला. बारा आठवड्यांनी सगळं ठीक असेल तरी किटो आयुष्यभर धरून ठेवायचा आग्रह नको. आधी डाळी-उसळी परत आणा, मग अर्धी भाकरी, वजन आणि शुगर बघत बघत शंभर-सव्वाशेवर स्थिरावा. तिथून पुन्हा तीनशेवर गेलात तर वजनही जिथून निघालं होतं तिथे परत येईल.

तुमच्या पत्नीबद्दल. मधुमेह नसेल, बीपी नसेल आणि बाळ अंगावर पीत नसेल तर पहिली पायरी त्यांनी तुमच्यासोबत खुशाल करावी, घरात दोन स्वयंपाक करावे लागणार नाहीत. थायरॉइडची गोळी सकाळी नुसत्या पाण्यासोबतच घ्यायची असते, तिने उपवास मोडत नाही. चहा अर्ध्या-पाऊण तासानंतर. सोया आणि त्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा, सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून सोया चंक्स त्यांच्या नाश्त्यात नकोत. पाळी लांबायला किंवा चुकायला लागली तर उपवासाचे तास कमी करून जेवण वाढवायचं. पाच-सहा किलो वजन उतरल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, एकदा पाहून घ्या, डोस बदलावा लागू शकतो.